सेट बंद असतानाचे आवाज

मुलीचं बारसं ठरलं आणि तिच्या कानात नाव कोणी सांगायचं यावरून घरात अबोला झाला. मी इथे मस्कतला, मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पॅकिंगला. रजा मिळाली नाही. घरचं सगळं मला फोनवरून कळतं, आणि फोनवर माणसं एकेकटी बोलतात. सकाळी आईचा फोन, दुपारी बायकोचा. दोघी एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, आणि मी दर्यापलीकडे बसून दोघींना "हां, हां" म्हणत होतो.

आमच्याकडे हा मान आत्याचा. ती पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि जमलेल्या बायका हसत हसत तिच्या पाठीत बुक्के घालतात. मला बहीण नाही. आईने शेजारची मुलगी ठरवली होती. बायको म्हणाली, "बाहेरची कशाला? घरात काका आहेत की."

काका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, आमच्यातच राहतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. इंग्रजीतले साधे शब्दही माझ्या जिभेवर अडखळतात, पण हा एक शब्द मी झोपेतही नीट म्हणेन.

आई म्हणाली, "पोरीच्या कानात पहिलं नाव जाणार. ते कोणाच्या तोंडून जावं, तूच सांग. बाबा गेल्यावर आता तूच घरातला मोठा."

मोठा कसला. आईला काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं. ज्याच्या कानात नसलेले आवाज येतात, त्याने बाळाच्या कानात पहिला आवाज द्यायचा? आणि तेही आपल्याच रक्ताच्या बाळाला?

हे सगळं कुठून आलं ते सांगायचं तर त्या खोलीपासून सुरुवात करावी लागेल. आणि खरं सांगायचं तर मस्कतला आल्यापासून मला घराहून जास्त तीच खोली आठवते.

मिरकरवाड्यात बंदराच्या वरच्या अंगाला एका नाखव्याच्या घराची माडी होती. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. काही नाखव्यांनी मिळून तिथे वायरलेसचा सेट बसवला होता. लाकडी टेबल, त्यावर काळा डबा, वेटोळ्याच्या वायरीला लटकणारा माइक, टेबलाखाली ट्रकची बॅटरी. कौलांच्या वर पोफळीच्या दांड्याला एरियल बांधलेली. खाली लिलावाचा गलका, बर्फ फोडल्याचा आवाज, सुकत घातलेल्या मासळीचा वास, आणि वर खोलीत सेटची ती बारीक खरखर, जशी तव्यावर काहीतरी मंद भाजत राहावी.

काका त्या सेटवर बसायचा. त्याला बोट लागायची. तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या माझ्या बाबांचा, भाऊ आणि बंदराचं तोंड ओलांडलं की ओकायला लागायचा, म्हणून त्याची फार चेष्टा व्हायची. बाबांनीच नाखव्याला गळ घालून त्याला किनाऱ्यावरची ही जागा मिळवून दिली. तेव्हा मोबाइल आले होते, पण आत दर्यात त्यांना रेंज कुठली? बोटींना काय हवं-नको ते सगळं काकाच्या सेटवर यायचं. कोणाचा बर्फ संपला, कोणाचं मशीन बंद पडलं, कोण कधी परत येतोय. काका ते ऐकायचा आणि घरोघर निरोप पोचवायचा.

संध्याकाळी जिन्यावर बायका बसलेल्या असायच्या. एखादी विचारायची, "भावजी, माझा काय बोलला?"

"बांगडा मिळाला म्हणाला, पण बायको आठवत नाही म्हणाला."

"मेल्या, तो असं बोलेल होय?"

"बोलला नाही, पण आवाजावरून कळतं ना."

सगळ्या हसायच्या. खरं तर निरोप कसाही कोरडा असो, काका त्याला घरी नेईपर्यंत थोडा गोड करायचा. "डिझेल सांगून ठेवा" एवढंच बोललेल्या माणसाच्या घरी जाऊन तो सांगायचा, "बरा आहे, विचारत होता तुमची."

मी शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच. काकाने मला सेटचे नियम शिकवले होते. बटण दाबायच्या आधी ऐकायचं. दुसरा कोणी बोलत असेल तर थांबायचं. आपलं बोलून झालं की बटण सोडायचं. आणि समोरून उत्तर येईपर्यंत जागा सोडायची नाही. "आपण बोललो म्हणजे त्याने ऐकलं असं नसतं," तो म्हणायचा. शाळेत मी काय शिकलो ते फारसं आठवत नाही. हे आठवतं.

एक दिवस मात्र त्या खोलीत कोणी हसलं नव्हतं. अचानक वारा फिरला होता, बाबांची बोट बाहेर होती, आणि दुपारीच आभाळ असं काळं झालं की खोलीत दिवा लावावा लागला. आई जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून होती. काका सारखा बाबांशी बोलत राहिला. पाणी किती वाव खोल, वारा कुठून, मशीन चालू आहे ना. मध्ये आवाज तुटायचा. मग तो फक्त ऐकत बसायचा, डोळे मिटून, हात वर करून आम्हाला गप्प ठेवून. अखेर तो वळून म्हणाला, "वहिनी, दादा जयगडच्या खाडीत शिरला. वाचला." आई उठली नाही. तिथेच पायरीवर कपाळ टेकून बसली. काकाने तिला पाणी दिलं आणि परत सेटकडे गेला, कारण अजून दुसऱ्या बोटी बाहेर होत्या.

आजार कधी सुरू झाला ते कोणालाच नेमकं सांगता येत नाही. आमच्या घरात तर येणारच नाही, कारण आवाज ऐकणं हेच काकाचं काम होतं.

आधी एवढंच झालं की त्याने दिलेले निरोप चुकायला लागले. बोट परत आली की तांडेल म्हणायचा, "मी असं कुठे बोललो?" कोणाला त्यात विशेष वाटलं नाही. वायरलेसवर असं व्हायचंच. दुसऱ्या बंदराचं बोलणं मध्ये शिरायचं, कधी गुजरातच्या बोटींचं. मग काका म्हणायला लागला की सेटवर त्याच्याबद्दल बोलतात. तो घरी जेवायला येईना, तिथेच टेबलाजवळ बसून राही, आंघोळ टाळायला लागला. एकदा मला म्हणाला, "तू घरी जा. तुझंही नाव घेतायत."

बाबा म्हणाले, "सेट बिघडलाय."

दुसऱ्या कुठल्याही घरात माणसाला डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्याकडे सेटला मेकॅनिककडे नेलं. त्याची वायर बदलली, माइक बदलला, बॅटरी बदलली. एरियल सोडून दुसऱ्या बाजूला बांधली. प्रत्येक दुरुस्तीनंतर काका थोडे दिवस बरा वाटायचा, निदान आम्हाला तसा दिसायचा. मग परत तेच. बाजारातला तो मेकॅनिक शेवटी बाबांना म्हणाला, "तांडेलांनू, सेट चांगला आहे. आता माणसाला दाखवा कोणाला तरी." बाबा इतके चिडले की दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत.

मग मासेमारी बंद झाली. पावसाळ्याची बंदी, सगळ्या बोटी वर ओढून ताडपत्री घालून ठेवलेल्या. सेटही काढून, पोत्यात गुंडाळून आमच्या माळ्यावर ठेवला होता. आम्ही दुपारी जेवायला बसलो होतो. काका आत आला आणि आईला म्हणाला, "वहिनी, दादाच्या बोटीवरून बोलावतायत. आत पाणी शिरलंय."

बाबा त्याच्यासमोरच भात कालवत होते. म्हणाले, "अरे, मी इथे बसलोय ना."

काकाने त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "मग तिथे कोण बोलतोय?"

त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाबांनी पानावरच हात धुतला.

त्यानंतर इस्पितळ. आमच्या रत्नागिरीचं नाव काढलं की बाहेरची माणसं आंबा म्हणतात, नाहीतर हे वेड्यांचं इस्पितळ. इथे मस्कतला आमच्या खोलीत कोल्हापूरचा एक आचारी आहे. मी कुठला ते कळल्यावर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "मग सुट्टी देऊन सोडलं, का भिंतीवरनं उडी मारलीस?" मीही हसलो. त्याला कुठे माहीत होतं की त्या आवारातल्या बाकांवर माझी शाळा भरली. बाबांना बोटीवर जावं लागायचं, आई टोपली घेऊन बाजारात. काकाबरोबर तपासणीला कोणीतरी हवंच. आधी मी शाळेला एखादी दांडी मारायचो. मग दांड्या इतक्या झाल्या की परत जायची लाज वाटायला लागली. मला कोणी शाळेतून काढलं नाही.

घरात मात्र दोन पक्ष पडले. आई म्हणायची, "दिवसभर ते डबडं कानाला. दुसऱ्या कोणाला बसवलं असतं तर त्यालाही हेच झालं असतं."

बाबा म्हणायचे, "सेटचं काही नाही. आमच्या रक्तातच आहे. माझा चुलता असाच होता. राजापूरच्या बाजाराला म्हणून निघाला तो परत आला नाही. तो कुठे बसला होता सेटवर?"

हे भांडण वर्षानुवर्षं चाललं, चहा घेता घेता, जाळं शिवता शिवता. कधी तिसरं कोणी येऊन बाधा झाली म्हणायचं, मग दोघं मिळून त्याला गप्प करायचे आणि परत आपल्या आपल्या जागी जायचे. मला तेव्हा वाटायचं, काय फरक पडतो?

एकदा बाबा स्वतः इस्पितळात आले तेव्हा त्यांनी डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, "बाई, रक्तातून आलं की त्या सेटमुळे? एकच काय ते सांगा."

बाई वयाने फार मोठ्या नव्हत्या. बोलायला घाई करायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही तांडेल ना? एका वादळात दोन बोटी सापडल्या. एक फुटली, एक परत आली. का?"

"बोट बांधली कशी त्यावर आहे."

"फक्त त्यावर?"

"तसं नाही. वारा कुठून लागला, आत माल किती, मशीन चाललं की नाही. सुकाणूवर कोण होता." बाबा थांबले. "आणि कधी कधी काहीच कळत नाही. चांगली बांधलेली जाते आणि जुनी येते."

"मग मी एकच कसं सांगू?"

बाबा म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही."

बाई हसल्या. "कारण नक्की माहीत नाही. औषध माहीत आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. घराण्यात कोणाला असेल तर धोका थोडा वाढतो, पण म्हणून प्रत्येकाला होतं असं नाही, बहुतेकांना होतच नाही. सेटने आजार दिला नाही. अपुरी झोप, सततचा ताण यांनी आधीच वाकलेल्या फळीवर आणखी भार पडला असेल, पण तोही "असेल" एवढंच. आणि तुम्ही कोणी त्याला वेडं केलं नाहीत. हे शेवटचं वाक्य त्या बाबांकडे बघून बोलल्या. बाबा जमिनीकडे बघत होते.

त्या बाईंचे उपकार मी विसरलो नाही. औषधं सुरू झाल्यावर काका हळूहळू परत आला. सगळा नाही. पूर्वीसारखी चेष्टा करायचा नाही, चेहरा थोडा जड झाला, दुपारी झोप लागायची. पण जेवायला आमच्याबरोबर बसायला लागला. जाळी शिवायला लागला, आणि त्याच्यासारखी बारीक गाठ वाड्यात फार थोड्यांची. आवाज पूर्ण गेले नाहीत. तो म्हणतो, लांब गेले. सेट असता तर म्हणालो असतो, रेंजच्या बाहेर.

आई-बाबा त्या भांडणात का अडकून बसले ते मला इथे आल्यावर कळलं. काकाला सेटवर बाबांनी बसवलं होतं. आजार सेटमुळे आला असेल तर तो बाबांमुळे आला. म्हणून त्यांना तो रक्तातच हवा होता. आणि रक्तात असेल तर तो माझ्यापर्यंत येणार. म्हणून आईला तो त्या डबड्यातच हवा होता. तिने मला पुन्हा त्या खोलीचा जिना चढू दिला नाही. दोघांनीही आपल्याला कमी दुखेल ते कारण धरून ठेवलं होतं. बाबा त्यांचं कारण घेऊनच गेले.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी दोन्ही धरून ठेवली. कोल्ड स्टोरेजमध्ये कंप्रेसर सतत घुमत असतो. मागच्या वर्षी एकदा सलग दुसरी ड्यूटी करत होतो आणि त्या घुमण्यातून कोणीतरी माझं नाव घेतलं. वळून बघितलं तर मागे नुसते खोके. हातातला खोका तसाच ठेवून बाहेर आलो आणि घरी फोन लावला. आईला नाही, बायकोला नाही. काकाला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नुसतं नाव घेतलं?"

"हां."

"पुढे काही बोलला?"

"नाही."

"झोपला होतास नीट?"

"डबल ड्यूटी आहे काका."

"मग जेव आणि झोप. दमलेल्या माणसाला नाव ऐकू येतं कधी कधी, बाईंनी मला सांगितलंय. पण परत आला, पुढे बोलायला लागला, तर डॉक्टरकडे जा." थोडं थांबून म्हणाला, "मेकॅनिककडे नको जाऊस."

किती वर्षांनी त्याने चेष्टा केली होती. मी त्या उन्हात उभा राहून हसत होतो आणि डोळे पुसत होतो. आवाज परत आला नाही. मी तरी इथल्या डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनीही झोपच सांगितली.

तर अशा माणसाने माझ्या मुलीच्या कानात नाव सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. बायको ठाम होती. तिचं म्हणणं, बाळंतपणानंतर ती दमून पडायची तेव्हा पोरगी काकाच्या मांडीवरच गप्प व्हायची. "मांडी चालते, मग तोंड का नाही?" आईला मी डॉक्टरबाईंचं सगळं परत सांगितलं. आई म्हणाली, "मला पाठ आहे रे ते. पाठ असलं म्हणून भीती जाते का?"

शेवटी मी काकालाच विचारलं. तो म्हणाला, "मला नको तो मान. वहिनीचं चुकत नाही. उद्या पोरगी मोठी झाली आणि तिला काही झालं, तर सगळे माझ्याकडे बघतील. मीसुद्धा बघेन."

"आणि काहीच झालं नाही तर?"

"तर कोण बघणार आहे? चांगलं झाल्यावर कोणी कारण शोधत नाही."

मी फोन ठेवला आणि लगेच आईला लावला. मी समजावणार नव्हतो, बाईंचं काही सांगणार नव्हतो. मी एवढंच विचारलं, "आई, बाबा जयगडच्या खाडीत शिरले, हे तुला कोणी सांगितलं होतं?"

पलीकडे कावळ्यांची कावकाव, कोणाचीतरी रिक्षा. मग आई म्हणाली, "भात करपेल माझा," आणि तिने फोन ठेवला. हो की नाही, काही बोलली नाही.

बारशाच्या दिवशी बायकोने मोबाइल खिडकीत उभा करून ठेवला होता. मी जेवणाच्या सुट्टीत, अंगात जाड जॅकेट तसंच, बाहेर पायरीवर बसून बघत होतो. पाळण्याला अबोलीचे गजरे. सासूबाई राजापूरहून आल्या होत्या, शेजारपाजारच्या बायका होत्या. शेजारची मुलगी नवी साडी नेसून पाळण्याजवळ उभी होती. ते बघून माझं मन खट्टू झालं. म्हटलं, झालं, आईने तिचंच केलं.

तेवढ्यात आई आतल्या खोलीतून आली. तिने काकाला दंडाला धरलं होतं. त्याला नवा शर्ट घातला होता, घड्या तशाच दिसत होत्या. आई त्या मुलीला म्हणाली, "तू बाये त्याच्या शेजारी उभी राहा, पाळणा धर. हलता कामा नये."

काका वाकला. पण लगेच बोलला नाही. बाळाच्या तोंडाजवळ कान नेऊन आधी ऐकलं. बायकांना वाटलं असेल, विसरला. मला माहीत होतं तो काय करतोय. बटण दाबायच्या आधी दुसरं कोणी बोलत नाही ना, ते बघत होता. मग त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं. कुर्र केलं, आणि नाव सांगितलं. मला ऐकू आलं नाही, पण त्याचे ओठ दिसले.

आता बुक्के मारायचे. बायकांचे हात वर गेले आणि तिथेच राहिले. काकाच्या पाठीवर कितीतरी वर्षांत कोणी हात ठेवला नव्हता. कोणी त्याला दुखवत नसे, आणि कोणी शिवतही नसे. सासूबाईंनी आईकडे बघितलं. आईने पदर खोचला आणि काकाच्या पाठीत असा बुक्का घातला की आवाज मला मस्कतपर्यंत आला.

"वहिनी, हळू."

"आत्या झालास ना? मग खा."

मग सगळ्यांचेच हात सुटले. पोरगी दचकून रडायला लागली, बायका हसत होत्या, शेजारची मुलगी पाळणा सोडून मारायलाच पुढे सरसावली. बायको म्हणाली, "काका, उठा आता, मार खाऊन झाला."

काका उठला नाही. बुक्के खात तसाच पाळण्यावर ओणवा राहिला आणि त्याने एक हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, त्या वादळाच्या दुपारी केलं होतं तसंच.

"थांबा," तो म्हणाला. "ती काहीतरी बोलतेय."

बाळ रडतच होतं. बायका चपापल्या, एकमेकींकडे बघायला लागल्या. आई मात्र पाळण्यापाशी गेली, काकाच्या शेजारी वाकली आणि तीही ऐकायला लागली.

"बोलतेय," आई म्हणाली. "भूक लागली म्हणते. सर बाजूला."